मोहपाड्याच्या फोनवर ऐकणारे

निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती तेव्हा नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. माझं भाषण शेवटी होतं आणि तेही 'अनुभवाचे दोन शब्द' एवढंच. त्याआधी एका तरुण प्राध्यापकांनी नव्या तऱ्हेच्या बिनतारी यंत्रणेवर व्याख्यान दिलं. हा रेडिओ स्वतः ऐकतो, कुठली लहर रिकामी आहे ते ओळखतो, तिथे जाऊन आपलं काम करतो आणि मूळ मालक आला की जागा सोडून दुसरीकडे सरकतो. पुढे ते सुरक्षेवर आले. कोणा लबाड माणसाने मालकाचं सोंग घेऊन खोटा सिग्नल सोडला, तर हे बिचारे रेडिओ जागा भरलेली आहे असं समजून गप्प बसतील, असं त्यांनी फळ्यावर आकृती काढून दाखवलं. मग मुलांकडे वळून म्हणाले, "अर्थात, हे धोके सध्या कागदावरच आहेत."

मी दुसऱ्या रांगेत होते. उठून काहीतरी बोलावं असं वाटलं. उठले नाही. माझी पाळी आल्यावर मी मुलांना 'मन लावून अभ्यास करा' असं सांगितलं, श्रीफळ घेतलं आणि घरी आले. त्या दिवशी जे बोलले नाही ते आता लिहिते आहे.

मी दूरध्वनी खात्यात होते. लोकांना त्या खात्यातली बाई म्हटली की कानाला हेडफोन लावून 'नंबर प्लीज' म्हणणारी दिसते. मी ती नव्हे. नव्वदच्या दशकात खेड्यापाड्यांना रेडिओवरून फोन देण्याची योजना आली, तिच्या देखभालीसाठी माझी नेमणूक कळवणला झाली. डोंगरात तार ओढणं परवडत नव्हतं. ओढली तरी पावसाळ्यात खांब आडवे व्हायचे आणि तांब्यासाठी तार कापून नेणारेही होते. म्हणून गावातल्या एका घरात भिंतीवर एक पेटी, खाली बॅटरी, छपरावर सूर्याची ऊर्जा घेणारी काच आणि अंगणात लोखंडी खांबावर फणीसारखी अँटेना, असा संसार मांडायचा. ती पेटी कळवणजवळच्या आमच्या केंद्राशी हवेतून बोलायची. मध्ये डोंगर आला तर डोंगरमाथ्यावर आणखी एक यंत्र, ते इकडचा आवाज उचलून तिकडे द्यायचं. त्याला रिपीटर म्हणतात.

आमच्या एका केंद्रावर पंधरा गावं होती आणि चॅनेल दोन. हे सांगितलं की लोक विचारतात, पंधरा गावांना दोनच वाटा कशा पुरतात? पुरायच्या, कारण पंधरा गावं एका वेळी बोलत नाहीत. गावातला माणूस रिसीव्हर उचलायचा, पेटी आधी पहिलं चॅनेल ऐकायची. तिथे कोणाचा सिग्नल असेल तर ती दुसऱ्यावर जायची. तेही भरलेलं असेल तर पेटीवरचा लाल दिवा लागायचा. म्हणजे थांबा. मला या व्यवस्थेचं फार कौतुक होतं. वर कोणी मुकादम नाही, चिठ्ठी नाही. पेटीनं ऐकायचं आणि समजून घ्यायचं.

गिऱ्हाईकं मजेदार होती. एका गावचे पाटील केवळ टोन ऐकायला रोज फोन उचलायचे. एका पाड्यावर अँटेनेला हळदकुंकू लावून ठेवलं होतं, आणि त्या कुंकवाने सांध्यावर गंज धरला तेव्हा ते पुसायला मला गावाची समजूत काढावी लागली. एक म्हातारा दिंडोरीच्या मुलाशी बोलताना हळू बोलायचा आणि मुंबईच्या मुलाशी ओरडून, कारण मुंबई लांब. मी त्याला समजावलं नाही. त्याचं गणित बरोबरच होतं, आमचं यंत्र वेगळं होतं इतकंच.

मोहपाडा हे आमच्या पंधरातलं सगळ्यात पश्चिमेचं गाव, सुरगाण्याच्या बाजूला. चहूकडून डोंगर. तिथला फोन काशिनाथ गावितांच्या घरी बसवला. काशिनाथ वनखात्याकडे रोजंदारीवर वॉचमन होते. चाळिशीचे असतील. बोलणं कमी, पण एकदा विषय निघाला की जंगलातलं झाड न् झाड सांगायचे. फोनची जबाबदारी कागदावर त्यांची बायको यमुना हिच्याकडे होती. ती सातवी शिकलेली होती आणि गावात कोणाचा फोन आला, कोणाला निरोप द्यायचा, हे एका वहीत सुबक अक्षरात लिहून ठेवायची. खात्याच्या किती बाबूंना मी ती वही दाखवली असेल.

फोन सुरू केला त्या दिवशी नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं खाऊन मी निघाले, तर यमुना अंगणाच्या कडेपर्यंत आली. इकडेतिकडे बघून म्हणाली, "ताई, एक विचारू का? यावर बोललेलं दुसरं कोणी ऐकत नाय ना?"

"का गं?"

"यांना फॉरेस्टच्या साहेबांना कळवावं लागतं. खैर तोडून नेतात ना लोकं गुजरातच्या बाजूला. आतापर्यंत हे चालत जायचे सांगायला. आता फोन आला तर यावरून सांगतील. म्हणून विचारलं."

खैराच्या लाकडापासून कात काढतात. त्या डोंगरात खैर भरपूर होता आणि तो चोरून नेणाऱ्या टोळ्याही होत्या.

खरं उत्तर मला ठाऊक होतं. त्या काळची आमची यंत्रं उघडं बोलायची. आवाज जसाच्या तसा हवेत जायचा, त्याला कुठलंही कुलूप नव्हतं. जवळपास कोणी योग्य लहरीवर लावलेला रेडिओ घेऊन बसला तर शब्द न् शब्द ऐकू आला असता. प्रशिक्षणात हे आम्हाला सांगितलं होतं आणि त्याबरोबर हेही सांगितलं होतं की ग्राहकांपुढे याची चर्चा करायची नाही, विनाकारण घबराट होते.

मी म्हटलं, "नाही गं. सरकारी फोन आहे. कोण ऐकतंय?"

तिचा चेहरा मोकळा झाला. "बरं झालं," म्हणाली, आणि पिशवीत जांभळं घालून दिली.

आता सुधाकरअण्णांबद्दल सांगायला हवं. कळवणच्या बाजारपेठेत त्यांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पन्नाशीचे गृहस्थ, जाड भिंगाचा चष्मा, बोटं सोल्डरिंगनं भाजलेली. फार शिक्षण नव्हतं पण हात असा की बंद पडलेली वस्तू त्यांच्या टेबलावर आली की तिला लाज वाटावी. आमच्या केंद्राला सुटे भाग नाशिकहून यायला महिना लागायचा, तोवर अण्णा कुठून तरी जमवून द्यायचे. मी आठवड्यातून दोनदा तरी तिथे बसत असे. त्या तालुक्यात माझ्याशी माझ्या विषयावर बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

एकदा त्यांनी विचारलं, "ताई, पंधरा गावं आणि चॅनेल दोन. मारामाऱ्या होत नाहीत का?"

मी खुलले. टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कडेला पेनानं आकृती काढून सगळं समजावलं. पेटी कशी ऐकते, सिग्नल दिसला की कशी बाजूला होते.

"म्हणजे तिला कोण बोलतंय हे कळत नाही?" अण्णांनी विचारलं. "नुसतं कोणीतरी आहे एवढंच कळतं?"

"एवढंच. कोणाचा सिग्नल आहे हे ती विचारत नाही."

"आणि नुसता सिग्नल असला, बोलणं नसलं, तरी?"

"तरीही ती समजणार की जागा भरलेली आहे."

अण्णांनी मान डोलावली. "साधी आहे बिचारी," म्हणाले. आम्ही दोघं हसलो. मला तो प्रश्न हुशार वाटला होता. घरी जाताना मी मनात म्हटलंही, आमच्या खात्यातल्या एकानेही मला हे कधी विचारलं नाही.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी मोहपाड्याहून तक्रार आली. लाल दिवा तासन् तास लागून राहतो, फोन लागत नाही. मागोमाग त्याच खोऱ्यातल्या आणखी दोन गावांची तीच तक्रार. मी केंद्रावर तपासलं. दोन्ही चॅनेल मोकळी होती, इतर बारा गावं सुखात बोलत होती. मोहपाड्याला जाऊन पेटी उघडली, बॅटरी बदलली, तारांचे सांधे घासले. मी असेपर्यंत फोन झकास चालला. परत आले आणि तीन दिवसांनी पुन्हा तक्रार.

यमुनेच्या वहीनं मला वाट दाखवली. तिने दिवा कधी लागला, कधी गेला हे वार आणि वेळेसकट लिहून ठेवलं होतं. मी पानं चाळली. बहुतेक वेळा बाजाराचा दिवस होता आणि वेळ दुपारची.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी मोहपाड्यात जाऊन थांबले. बरोबर हातात धरायची छोटी अँटेना आणि सिग्नल मोजायचं यंत्र होतं. जेवणं झाली आणि लाल दिवा लागला. मी हेडफोन कानाला लावला. चॅनेलवर कोणी बोलत नव्हतं. खरखरसुद्धा नव्हती. रिकाम्या चॅनेलवर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो, तो दाबला गेला होता. म्हणजे कोणीतरी नुसता सिग्नल धरून ठेवला होता, मुका. दोन्ही चॅनेलवर तसंच.

मी अंगणात उभी राहून अँटेना हळूहळू फिरवली. काटा दक्षिणेला, घाटाच्या वळणाकडे चढला. काशिनाथ शेजारी उभे होते.

"काय हाय तिकडं?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलता बोलता माझीही भाषा बदलायची.

"वळणाला एक झाप हाय ताई, गवताची खोपी. आधी गुराख्यांची होती. आता टेम्पोवाले थांबतात तिथं." मग माझ्या हातातल्या यंत्राकडे बघून म्हणाले, "काही सापडलं का?"

"कोणाचं तरी यंत्र त्रास देतंय. मी वर कळवते."

घाटातला सिग्नल डोंगराआड असल्यामुळे आमच्या केंद्रापर्यंत पोचतच नव्हता, म्हणून तिथे सगळं ठीक दिसायचं. फक्त खोऱ्यातल्या तीन पेट्या तो ऐकत होत्या आणि गुमान बसत होत्या. त्यावर उपाय माझ्या हातात होता. मोहपाड्याची अँटेना दक्षिणेकडच्या रिपीटरकडे तोंड करून होती, म्हणजे घाटाकडेच. ती फिरवून उत्तरेच्या डोंगरावरच्या दुसऱ्या रिपीटरकडे केली असती, तर कॉल वेगळ्या वाटेनं कळवणला आला असता आणि पेटीची पाठ त्या झापेकडे झाली असती. नट सैल करायला दोन पाने आणि अर्धा तास एवढंच काम. पण कुठलं गाव कुठल्या रिपीटरवर हे नाशिकहून ठरायचं. मंजुरीशिवाय हात लावायचा नाही असा नियम होता.

मी नाशिकला गेले आणि साहेबांसमोर बसले. साहेब वाईट नव्हते. त्यांची बढती तोंडावर आली होती.

"देवरे मॅडम," ते म्हणाले, "बाहेरचा हस्तक्षेप असं लिहिलंत की चौकशी दिल्लीपर्यंत जाते. मग पोलीस, मग विचारणार की आधी का कळलं नाही. तुमच्याकडे पुरावा काय? एक सुई हलली."

"सर, मी स्वतः ऐकलंय."

"काय ऐकलंत?"

"काहीच नाही. तेच तर."

ते हसले. "हे लिहिणार का रिपोर्टात? तांत्रिक बिघाड लिहा. अँटेना फिरवायचं मी मंजूर करून घेतो, महिनाभरात होईल."

मी तिथेच बसून लिहिलं. 'उपकरणातील तांत्रिक बिघाडामुळे सेवा विस्कळीत. बाह्य हस्तक्षेप आढळून आला नाही.' सही केली. बाजाराचा दिवस, दुपारची वेळ आणि खैराची चोरी यांचा मेळ मी मनातल्या मनात घातला होता. तो घेऊन मी वनखात्याच्या कचेरीत जाऊ शकले असते, ती कळवणलाच होती. ते आपलं काम नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं.

मंजुरी यायच्या आत तीन बाजार गेले. चौथ्या बाजाराच्या दिवशी सकाळी मी केंद्रावर होते. मोहपाड्याहून एक कॉल निघाला, वनखात्याच्या कचेरीला. दोन-तीन मिनिटं चालला. केंद्रावर आम्हाला बोलणं ऐकू येत नसे, फक्त दिवा दिसायचा. त्यानंतर त्या खोऱ्यातून दिवसभर एकही कॉल आला नाही. मला ते दिसलं. पुन्हा तेच सुरू झालेलं दिसतंय, उद्या जाऊन बघू, असं म्हणून मी डबा खाल्ला.

काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. नाल्यात टेम्पो भरतोय, वर भाजीचे क्रेट ठेवून नेणार आहेत, हे काशिनाथांनी सकाळी फोनवर सांगितलं होतं. ते सांगून जंगलात गेले. तासाभरात त्यांना वाटेत गाठून डोक्यात मारलं. गुराख्यांना ते वाटेत पडलेले दिसले, त्यांनी उचलून यमुनेच्या अंगणात आणलं. तिने फोन उचलला. लाल दिवा. ठेवला, पुन्हा उचलला. दीर पलीकडच्या गावात पळत गेला, तिथेही लाल दिवा. कळवणला नुसता निरोप पोचला असता तर जीप तासाभरात आली असती. शेवटी बैलगाडीत घालून त्यांना रस्त्यापर्यंत आणलं, तिथे एका दुधाच्या गाडीवाल्यानं घेतलं. नाशिकच्या दवाखान्यात पोचेपर्यंत अंधार पडला होता. दोन दिवस ते बेशुद्ध होते. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले.

त्या दिवसाचं पान यमुनेच्या वहीत होतं. पोलिसांनी ती जप्त केली तेव्हा मी पाहिलं. तिने वेळ लिहिली होती आणि पुढे 'लाल'. खाली पुन्हा वेळ, पुन्हा 'लाल'. पान भरलं होतं. नवरा अंगणात पडलेला असताना ती का लिहीत बसली, असं हवालदार म्हणाला. 'दिवा लागला की लिहून ठेवत जा' असं मीच तिला सांगितलं होतं.

काशिनाथांचं दहन झाल्यानंतर दोन-तीन दिवसांनी सुधाकरअण्णा केंद्रावर आले. ते कधी तिथे येत नसत. स्टुलावर बसले, चष्मा काढून पुसत राहिले.

"ताई, ते यंत्र मी बनवलंय," म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. "कुठलं?"

"घाटातलं. आधी त्या टेम्पोवाल्यांनी ऐकायचं यंत्र मागितलं. म्हणाले, व्यापाऱ्यांचे टोमॅटोचे भाव ऐकायचेत. जुन्या टीव्हीचा ट्यूनर होता, त्यावर करून दिलं. मला वाटलं, ऐकलं तर ऐकलं, कोणाचं काय जातंय. मग म्हणाले, लाईन अडवता येईल का? भंगारातला एक वायरलेस सेट होता." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुम्ही सांगितलं होतं ना, नुसता सिग्नल असला तरी पुरतो म्हणून."

"अण्णा, तुम्हाला माहीत होतं ते कशासाठी मागतायत?"

"विचारलं नाही."

मी त्यांच्यावर ओरडायला हवं होतं. पण ओरडले नाही. मीही कुठे काय विचारलं होतं?

"पोलिसांत सांगाल?" एवढंच म्हटलं.

"सांगतो," म्हणाले, आणि खरोखरच गेले. झापेतून ते यंत्र मिळालं. टेम्पोवाला आणि त्याचे दोन साथीदार धरले गेले. अण्णांचाही जबाब झाला.

खटला नाशिकला उभा राहायला काही वर्षं गेली. तोवर अण्णांचं मन बदललं होतं किंवा बदलवलं गेलं होतं. त्यांच्या दुकानाची काच एकदा फुटली होती, एवढं मला ठाऊक आहे. साक्षीत ते म्हणाले, तो सेट मी ओळखत नाही. मग सगळा भार माझ्यावर आला. काशिनाथांचा फोन चोरून ऐकला गेला आणि नंतर मुद्दाम अडवला गेला, हे सांगणारी मी एकटी उरले.

मी सगळं सांगितलं. बचावाच्या वकिलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक कागद माझ्यापुढे धरला.

"ही सही आपलीच ना?"

"हो."

"मोठ्याने वाचता का?"

मी वाचलं. 'बाह्य हस्तक्षेप आढळून आला नाही.'

"हे आपण घटनेच्या आधी, जागेवर पाहणी करून लिहिलंय. बरोबर?"

"वरून सांगितलं म्हणून लिहिलं."

"म्हणजे तेव्हा खोटं लिहिलंत. मग आज खरं बोलताय हे कोर्टानं कसं समजायचं?"

सरकारी वकिलांनी हरकत घेतली, ती टिकली नाही. यमुना मागच्या बाकावर बसली होती. मी पिंजऱ्यातून उतरताना तिच्याकडे बघितलं नाही.

तिघंही सुटले. संशयाचा फायदा असं त्याला म्हणतात. साहेबांना बढती मिळून ते दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते. सुधाकरअण्णांनी दुकान विकलं आणि अंबडला एका कारखान्यात नोकरी धरली. एकदा सिटी बसमध्ये दिसले. त्यांनी जागा दिली, मी बसले.

मोहपाड्याची अँटेना मात्र मी फिरवली होती. काशिनाथ गेले त्याच आठवड्यात, मंजुरी नसताना. अर्धा तासही लागला नाही. नंतर तो फोन बंद पडेपर्यंत त्यावर लाल दिव्याची एकही तक्रार आली नाही. खात्यानं मला कारणे दाखवा नोटीस दिली. ती अजून माझ्याकडे आहे.

पुढे मोबाइलचे मनोरे उभे राहिले. आमच्या रेडिओ फोनला कोणी विचारेना, सुटे भाग मिळेनात. मग हुकूम आला की गावोगावची यंत्रं उतरवून भांडारात जमा करा. बाकीची गावं मी दुसऱ्यांवर सोपवली. मोहपाड्याला लाइनमन पोपटरावांना घेऊन स्वतः गेले.

यमुना आता अंगणवाडीत मदतनीस होती. केस पिकले होते. तिने पाणी दिलं, बसायला गोधडी टाकली. पोपटराव छपरावर चढले आणि आम्ही दोघीच ओटीवर राहिलो. हे बोलायला मी इतकी वर्षं घालवली होती, आणखी एक दिवस घालवला असता तर मी निवृत्तच झाले असते.

"यमुना," मी म्हटलं, "तू मला फोन बसवला त्या दिवशी विचारलं होतंस, यावरचं कोणी ऐकतं का. मी नाही म्हटलं. मला माहीत होतं की ऐकता येतं. माहीत असून मी नाही म्हटलं."

ती सुपातल्या नागलीतले खडे वेचत होती. हात थांबले नाहीत.

"यांना संशय होता," ती म्हणाली. "म्हणायचे, मी फोनवर सांगितलं की ती माणसं तासाभरात जागा बदलतात. मी चालतच जातो साहेबांकडं, फोन नको. चार-पाच वेळा म्हणाले असतील."

तिने सूप हलवून नागली पसरली.

"मीच म्हणले, तुमच्या मनाचं काहीतरी हाय. ताईंनी सांगितलंय कोणी ऐकत नाय. एवढी शिकलेली बाई कशाला खोटं सांगेल?" तिने एक खडा अंगणात टाकला. "त्या दिवशी सकाळी पण ते निघाले होते चालत. पाय दुखत होता. मी म्हणले, फोन हाय ना घरात."

वरून पोपटरावांचा पान्याचा आवाज येत होता. मला माफी मागायची होती. ती कुठल्या शब्दांत मागायची हे मी वाटेत ठरवलंही होतं. पण ती माफ करते म्हणाली असती तर मला ते सोसलं नसतं, आणि नाही म्हणाली असती तरीही.

"इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्यामुळंच गेले," यमुना म्हणाली. "मी आग्रह धरला म्हणून."

"तुझ्यामुळे नाही."

"आता कळलं ते." तिने सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आधी सांगायला पाहिजे होतं, ताई. लवकर सांगायला पाहिजे होतं."

ती उठून आत गेली. थोड्या वेळानं दारात येऊन म्हणाली, "खांब काढताय तर ते तारांचे खुंटे पण काढा. गुरांच्या पायात येतात."

खांबाला ताण द्यायला तीन बाजूंना तारा असतात, त्या जमिनीत लोखंडी खुंट्यांना बांधलेल्या. दोन खुंटे सहज निघाले. तिसरा खडकात गेला होता. पोपटराव घामाघूम झाले आणि म्हणाले, "मॅडम, वरून कापून टाकू. माती लोटली की दिसणार नाय कुणाला."

मी नको म्हटलं. पदर खोचला आणि भोवतीची माती हातानं उकरायला लागले. खडक भुसभुशीत होता पण खुंटा खोल होता. दुपार झाली. यमुनेनं घरातून पहार आणून माझ्याशेजारी ठेवली आणि अंगणवाडीत निघून गेली.

खुंटा निघाला तेव्हा ती परत आली नव्हती. मी खड्डा बुजवला आणि पायानं दाबून जमीन सारखी केली.